कितलं दिधं, हाई कसं समजस?

रेडिएशनची एक गोष्ट मला इतकी वर्षं या कामात राहूनही दर वेळी नव्याने जाणवते, की ते अंगाला कळतच नाही. सुई टोचली की कळते, गोळी कडू लागते, सलाईन लावलं तर बाटली रिकामी होताना दिसते. पण लिनॅकच्या, म्हणजे कॅन्सरला रेडिएशन देणाऱ्या मशीनच्या टेबलावर झोपलेल्या माणसाला फक्त मशीनचा आवाज येतो, काही मिनिटांत दार उघडतं आणि "झालं, उतरा आता" एवढंच ऐकू येतं. पारोळ्याकडचे एक आबा होते, गालाच्या कॅन्सरचे पेशंट, आयुष्यभर तंबाखू-चुना खाल्लेले, त्यांनी हे आठवडाभर बघितलं आणि मग मला थांबवून विचारलं, "ताई, काही दिसत नही, काही लागत नही, मंग कितलं दिधं हाई तुमले कसं समजस?" म्हणजे, किती दिलं हे तुम्हाला कसं कळतं?

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, खान्देशातल्याच एका कॅन्सर सेंटरमध्ये. शेक (रेडिएशनला आपल्याकडे शेकच म्हणतात) कुठे द्यायचा आणि किती द्यायचा ते डॉक्टर ठरवतात, टेक्नॉलॉजिस्ट रोज पेशंटला बरोबर त्याच पोझिशनमध्ये झोपवून मशीन चालवतात, आणि जेवढं ठरलंय तेवढंच मशीनमधून बाहेर पडतंय ना, जिथे ठरलंय तिथेच पडतंय ना, हे मोजायचं काम आमचं. पेशंटला आम्ही फारसे दिसत नाही. नातेवाईकांना तर असं कोणी असतं हेच माहीत नसतं. म्हणून आबांचा प्रश्न मला फार आवडला, कारण आमचा अख्खा पेशा त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला उभा आहे, आणि माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न प्रत्येक पेशंटने विचारावा, न लाजता.

आधी "किती" म्हणजे काय ते बघू. डोस मोजायचं युनिट आहे ग्रे, लुई हॅरॉल्ड ग्रे नावाच्या ब्रिटिश फिजिसिस्टच्या नावावरून. एक किलो वजनाच्या भागात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की झाला एक ग्रे. ऐकायला साधं वाटतं पण याच्यातच सगळी मेख आहे. समजा ७० किलोच्या माणसाला सगळ्या अंगावर एकदम ४ ग्रे बसले तर एकूण ऊर्जा होते २८० ज्यूल. गरम चहाच्या एका घोटातून पोटात यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता जाते! अंगाचं तापमान वाढेल अंशाच्या जेमतेम हजाराव्या भागाने, म्हणजे कुठल्याच थर्मामीटरवर दिसणार नाही. आणि तरी एवढा डोस एकदम बसलेल्या माणसांपैकी, उपचार मिळाले नाहीत तर, साधारण निम्मी माणसं दोन महिन्यांच्या आत जातात. कारण ही ऊर्जा उष्णता म्हणून त्रास देत नाही, ती पेशीच्या आत जाऊन डीएनए तोडते. अंगाला चटका नाही, दुखणं नाही आणि आत मात्र काम होऊन गेलेलं असतं.

मग आबांना ६६ ग्रे कसे देतो? हा प्रश्न त्यांच्या मुलाने गूगल करून आणला होता आणि तो बरोबरच होता, त्याचा चेहरा घाबरलेला होता. उत्तर असं की ते ६६ सगळ्या अंगाला नाहीत, फक्त गाठीच्या जागेला आणि आजूबाजूच्या थोड्या भागाला, आणि तेही रोज २ ग्रे असे ३३ वेळा, आठवड्यातले पाच दिवस. मधल्या वेळात चांगल्या पेशी स्वतःला दुरुस्त करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. याच फरकावर रेडिओथेरपी चालते. फरक फार मोठा नाहीये, आणि म्हणूनच डोस थोडासुद्धा इकडेतिकडे झालेला चालत नाही. ठरलेल्या डोसच्या पाच टक्क्यांच्या आतबाहेर राहायचं असा जगभर मानलेला दंडक आहे, आणि या पाच टक्क्यांत सगळंच आलं, मशीनची चूक, प्लॅनिंगची चूक, पेशंट टेबलावर थोडा सरकला ते पण. मशीनच्या वाट्याला त्यातले दोनच टक्के येतात.

सुरुवातीला मोजायला काहीच नव्हतं. राँटगेनला एक्स-रे सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये आणि काही महिन्यांतच डॉक्टर लोक त्याने उपचार करायला लागले, पण किती दिलं हे कळणार कसं, तर कातडी लाल झाली का बघायची! बरेच जण मशीन नीट चालतंय का हे स्वतःचा हात धरून बघायचे. त्यांची बोटं गेली, हात गेले. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली एक्स-रेच्या ट्यूबवर काम करता करता आधी हात गमावून बसला आणि १९०४ मध्ये वारला. जर्मनीत हॅम्बुर्गला अशा लोकांचं स्मारक आहे, १९३६ सालचं. मोजायचं पहिलं सर्वमान्य युनिट आलं १९२८ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत, म्हणजे शोधानंतर ३३ वर्षांनी. ती ३३ वर्षं लोकांनी अंदाजावर काढली, डॉक्टरांनी पण आणि पेशंटनी पण.

आता आमची सकाळ सांगते. पेशंट यायच्या आधी मशीनचं आउटपुट तपासलं जातं, रोज. रोजच्या चेकमध्ये तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, महिन्याच्या सविस्तर मोजणीत दोन. मोठी मोजणी पाण्यात करतात कारण माणसाचं शरीर बरंचसं पाणीच. पाण्याची टाकी टेबलावर ठेवायची, त्यात ठरलेल्या खोलीवर आयन चेंबर बसवायचं. या चेंबरच्या आत जेमतेम ०.६ घनसेंटिमीटर हवा असते. रेडिएशन त्या हवेतून गेलं की तिथे विद्युतभार तयार होतो, तो केबलने बाहेरच्या इलेक्ट्रोमीटरवर येतो, आणि त्या आकड्यावरून डोस काढायचा.

आणि इथे आपला खान्देश मध्ये येतो. चेंबर बंद नसतं, बाहेरच्या हवेशी जोडलेलं असतं. हवा गरम झाली की विरळ होते, दाब कमी झाला की विरळ होते, आणि हवा विरळ म्हणजे भार कमी. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २०० मीटर उंच आहे, त्यामुळे हवेचा दाब मुंबईपेक्षा दोन-अडीच टक्के कमीच, आणि उन्हाळ्यात तो अजून उतरतो. त्यात मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, एसीवर लोड येतो, बंकरमध्ये, म्हणजे मशीनच्या खोलीत, २० अंशाच्या जागी २५-२६ झालं की आणखी दोन टक्के गेले. दोन्ही मिळून चार-साडेचार टक्के. आता समजा कोणी तापमान आणि दाबाची ही दुरुस्ती न करताच आकडा वाचला तर त्याला वाटणार मशीन कमी देतंय, मग तो मशीन वाढवणार, आणि उद्यापासून प्रत्येक पेशंटला चार टक्के जास्त जाणार, कोणालाही काहीही न कळता. म्हणून आमच्या टेबलावर थर्मामीटर आणि बॅरोमीटर कायम असतात आणि मी त्यांच्याकडे रोज बघते. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात हात भाजेल इतकं तापतं, ते तसंच फँटममध्ये, म्हणजे मोजणीच्या त्या टाकीत, ओतून चालत नाही, आदल्या संध्याकाळी भरून ठेवायचं, रात्रभर खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, मग सकाळी मोजायचं. नवीन आलेली मुलं विचारतात एवढं कशाला, तर एवढ्यासाठीच.

चेंबर तरी खरं सांगतंय कशावरून? तर ते ठरावीक काळाने मुंबईला बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) लॅबमध्ये जातं, तिथल्या प्रमाण चेंबरशी ताडून त्याचं सर्टिफिकेट येतं. शिवाय आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना मिळून १९६९ पासून एक फार सुंदर काम करतात, जगभरच्या हॉस्पिटलांना पोस्टाने छोट्या डोसमीटर पाठवतात, हॉस्पिटलने त्यांना सांगितलेला डोस द्यायचा आणि परत पाठवायच्या, तिकडे वाचून कळवतात की तुम्ही म्हणता तेवढं खरंच दिलं का. मला ही कल्पना प्रचंड आवडते. आपलं आपण मोजून आपणच पास व्हायचं नाही, बाहेरच्या कोणीतरी मोजायचं.

कारण न मोजल्यावर, किंवा एकट्यानेच मोजल्यावर, काय होतं ते झालेलं आहे. कोस्टारिकामध्ये सॅन होजेच्या एका हॉस्पिटलात १९९६ साली कोबाल्ट मशीनमध्ये नवीन सोर्स बसवला, म्हणजे ज्यातून रेडिएशन येतं तो किरणोत्सारी कोबाल्ट-६०. कोबाल्ट-६० चं अर्धआयुष्य सव्वापाच वर्षांचं, त्यामुळे सोर्स बदलावा लागतो आणि बदलला की नव्याने कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे मिनिटाला किती डोस निघतो ते मोजून ठरवावं लागतं. मशीनचा टायमर मिनिटाच्या दशांशात होता. ०.३० मिनिट म्हणजे १८ सेकंद, पण हिशोबात ते ३० सेकंद धरले गेले. त्यामुळे सोर्स आहे त्यापेक्षा बराच कमजोर वाटला आणि प्रत्येक पेशंटला जास्त वेळ ठेवलं गेलं, डोस साधारण दीडपट. महिनाभर हे चालू होतं. ११५ पेशंट. त्यातले काही त्या डोसनेच गेले. एका दशांश चिन्हाने!! दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे एकदा मोजलं असतं तर पहिल्याच दिवशी पकडलं गेलं असतं.

आणि उलटही होतं, ज्याची चर्चा फार कमी होते. इंग्लंडमध्ये स्टोकला १९८२ ते १९९१ अशी जवळपास नऊ वर्षं सुमारे हजार पेशंटना कमी डोस गेला, काहींना ५ टक्के, काहींना ३५ टक्क्यांपर्यंत. नवीन कॉम्प्युटर प्लॅनिंग सिस्टिम आली होती, ती मशीन आणि पेशंटमधल्या अंतराची दुरुस्ती स्वतःच करत होती, पण लोक जुन्या सवयीने तीच दुरुस्ती हातानेही करत राहिले. जास्त डोस गेला तर निदान कातडी सोलते, तोंड येतं, कोणीतरी ओरडतं. कमी गेला तर पेशंट खूश, त्रास झाला नाही म्हणून, आणि गाठ परत येते तेव्हा सगळे म्हणतात कॅन्सरच वाईट होता. म्हणून "मले काहीच तरास नही" असं कोणी हसत सांगितलं की मला आनंद होतो, आणि मी त्यांचा चार्ट परत एकदा उघडते.

गावाकडे भीती मात्र वेगळ्याच ठिकाणी असते. एका घरात सुनेने सासूचं ताट-वाटी वेगळं केलं होतं, नातवंडांना जवळ जाऊ देत नव्हते, कारण "आजीच्या अंगात रेडिएशन आहे". आजी शेक घेऊन एसटीने दीड तास प्रवास करून घरी जायच्या आणि तिथे ओसरीवर एकट्या बसायच्या. मी त्या सुनेला मशीनच्या खोलीत घेऊन गेले, मशीन बंद असताना, आणि सर्व्हे मीटर, म्हणजे आजूबाजूचं रेडिएशन दाखवणारा मीटर, तिच्याच हातात दिला. मीटरवर नेहमीचं, सगळीकडे असतं तेवढंच बॅकग्राउंड. मग आजींच्या गळ्याजवळ धरायला लावला. तेवढंच. मशीन बंद झालं की रेडिएशन संपलं, अंगात काही उरत नाही, आजीच्या ताटात जेवा, नातवाला मांडीवर द्या. हे मी शंभर वेळा सांगितलं असतं त्यापेक्षा तो काटा बघून तिला जास्त पटलं. (थायरॉइडसाठी रेडिओॲक्टिव्ह आयोडीन प्यायला देतात तेव्हा गोष्ट वेगळी, तिथे पेशंटच्या अंगातून खरंच रेडिएशन येतं, मोठा डोस असेल तर वेगळ्या खोलीत ठेवतात आणि मीटरने मोजूनच घरी सोडतात. तेव्हा जे नियम सांगतील ते पाळायचेच.)

दुसरीकडे जिथे विचारायला हवं तिथे कोणी विचारत नाही. छातीच्या एका एक्स-रेला लोक घाबरतात, त्यात ०.१ मिलिसिव्हर्ट (अंगाला होणाऱ्या अपायाच्या हिशोबाने डोस सांगायचं युनिट) किंवा त्याहूनही कमी मिळतं. नुसतं पृथ्वीवर राहिल्याने, जमिनीतून, आकाशातून, श्वासातल्या रेडॉनमधून, माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. पण पोटाचा एक सीटी ८ ते १० मिलिसिव्हर्टचा असतो, आणि तालुक्याला केलेला सीटी जिल्ह्याला परत, जिल्ह्याचा नाशिकला परत, असं एका महिन्यात तीनदा झालेले पेशंट मी बघितलेत, फक्त आधीची सीडी घरी राहिली म्हणून. गरज असेल तर सीटी करायलाच हवा, त्याने जीव वाचतात, त्यात शंका नको. पण सीडी आणि रिपोर्ट पिशवीत ठेवा, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर "याच्याऐवजी सोनोग्राफीने होईल का" हे विचाराच, सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये हे रेडिएशन नसतंच.

अजून एक विषय ज्यावर मला खरंच कळकळीने बोलायचंय तो म्हणजे आपल्याकडच्या छोट्या एक्स-रे सेंटरमधली आणि ऑपरेशन थिएटरमधली पोरं. सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनखाली, हाड जोडायचं काम चालू असतं, तासभर मधून मधून बीम चालू, आणि टेबलाजवळ उभ्या असलेल्या मुलाच्या छातीवर डोस नोंदवणारा टीएलडी बॅज नसतो. बॅज असतो, पण कपाटात. छोटासा बॅज आहे तो, आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या, त्या रेडिएशन साठवून ठेवतात, दर तीन महिन्यांनी लॅबला जातात, तिथे त्यांना तापवलं की त्या प्रकाश सोडतात आणि प्रकाश मोजून त्या तीन महिन्यांचा डोस निघतो. रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यांसाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा आहे, पाच वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. कपाटातल्या बॅजचा रिपोर्ट दर वेळी शून्यच येणार आणि तो शून्य फाइलला लावून सगळे निश्चिंत. मला एका मुलाने सांगितलं की जास्त आकडा आला तर चौकशी लागते म्हणून बॅज घालू नको असं त्याला सांगितलेलं. अरे दादा, चौकशी तुझ्यासाठीच लागते! आकडा जास्त आला तर ॲप्रन फाटलाय का, तू बीमच्या फार जवळ उभा राहतोस का, पडदा लावत नाहीत का, हे कोणीतरी येऊन बघणार. बॅज छातीवर, लेड ॲप्रनच्या आत, रोज. एवढं एक तरी करा.

परत पेशंटकडे येते, कारण डोसचा एक भाग असा आहे जो कुठल्याच चेंबरने मोजता येत नाही, तो म्हणजे दिवस. ६६ ग्रे साडेसहा आठवड्यांत दिले आणि तेच आठ आठवड्यांत दिले तर आकडा तोच पण परिणाम तो नाही. तोंडाच्या, गळ्याच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी जोरात वाढायला लागतात, मग ट्रीटमेंट एक दिवस लांबली की त्या दिवसाचे साधारण ०.६ ग्रे नुसती ती वाढ मारण्यातच जातात, आणि आजार आटोक्यात राहायची शक्यता दिवसामागे साधारण एका टक्क्याने कमी होत जाते. आणि आपल्याकडे गॅप पडायची कारणं काय असतात, तर पाऊस पडला, पेरणी आली. केळीचा माल निघाला, व्यापारी आजच गाडी लावतोय. भाचीचं लग्न. पोळा. यातलं एकही कारण मला फालतू वाटत नाही, ज्याच्या घरात वर्षाचा पैसा त्या एका ट्रकवर आहे त्याला "मशीनवर ये नाहीतर" असं सांगायचा मला काय अधिकार आहे. पण तो दिवस भरून मात्र काढावा लागतो.

गेल्या श्रावणात अमळनेरकडच्या एक मावशी होत्या, जिभेचा कॅन्सर, पाचवा आठवडा, तोंड पूर्ण आलेलं, पातळ वरणसुद्धा गिळायला त्रास. त्यांच्या घरी कानबाई, आपली खान्देशातली देवी, बसते. रविवारी स्थापना, रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन, सुरतेहून, पुण्याहून सगळे भाऊबंद येणार, आणि घरातली मोठी बाई त्याच. मुलगा खाली मान घालून विचारत होता की सोमवारी नाही आलं तर चालेल का, मंगळवारी पहिल्या नंबरला आणतो. रविवार तसाही सुटीच, प्रश्न एका सोमवारचा. डॉक्टर आणि मी बसून हिशोब केला. एका दिवसात दोन सेशन देता येतात, मध्ये किमान सहा तास ठेवून, पण त्यांच्या तोंडाची अवस्था बघता ते नको वाटलं. मग आदल्या शनिवारी मशीन चालू ठेवायचं ठरलं. शनिवारी मशीन चालू ठेवणं म्हणजे टेक्नॉलॉजिस्ट आला पाहिजे, डॉक्टर पाहिजेत, आणि एका पेशंटसाठी असलं तरी सकाळचं आउटपुट मोजल्याशिवाय बीम चालू होत नाही, म्हणजे मी पण. सगळे आले. दुपारपर्यंत मावशी गाडीत बसून अमळनेरच्या रस्त्याला लागल्या, मंगळवारी सकाळी परत हजर, आणि शेवटची तारीख एकाही दिवसाने पुढे गेली नाही.

तेव्हापासून आम्ही पहिल्याच दिवशी, प्लॅनिंगच्या सीटीच्या वेळी, एक कागद भरून घेतो. पेरणी कधी आहे, केळीचा माल कधी निघणार, घरात कोणाचं लग्न आहे का, कानबाई बसते का, बसत असेल तर सोमवारी विसर्जनाला किती वाजतात. लोक आधी बुचकळ्यात पडतात की दवाखान्यात हे कशाला विचारतायत, मग समजावून सांगितलं की तारखा भराभर सांगतात, आणि मी त्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवते.